मौजे मजकूरचा पंचनामा

पृथ्वी मोजून झालेली आहे, या गोष्टीवर माझ्या मामेसासऱ्यांचा आजतागायत विश्वास बसलेला नाही. ज्या मोजणीला आपण स्वतः हजर नव्हतो ती मोजणी म्हणजे निव्वळ ऐकीव माहिती, असं त्यांचं साधं मत आहे. उपग्रहाचं नाव काढलं की ते म्हणतात, ‘‘वरनं बघून मोजणी होत असती तर सरकारनं घारींना पगार दिला असता.’’ सांगली जिल्ह्यात, भूमी अभिलेख खात्यात, चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून काढलेला हा माणूस. लोकांच्या शेतांच्या हद्दी दाखवता दाखवता त्यांचं पाऊल असं बसून गेलंय की ते बरोबर तीस इंचांचं पडतं. चढावर, चिखलात आणि वरातीतसुद्धा. माझ्या लग्नाची बोलणी करायला ते पुण्याला आमच्या घरी आले, तेव्हा चहा यायच्या आत हॉलमध्ये दोन येरझाऱ्या घालून त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं की बिल्डरनं तुम्हाला अकरा चौरस फुटाला गंडवलेलं आहे. लग्न ठरायला पुढे दोन महिने लागले. बिल्डरला नोटीस मात्र त्याच आठवड्यात गेली.

माझ्या बायकोचे, म्हणजे सायलीचे, आईवडील ती लहान असतानाच गेले. तिला वाढवलं या मामांनी आणि मामींनी. मामीही पुढे वारल्या आणि मामा सांगलीच्या घरात एकटे राहू लागले. मग एका पावसाळ्यात कृष्णेला तो मोठा पूर आला, मामांच्या घरात सात फूट पाणी चढलं आणि चांगलं चार दिवस मुक्कामाला राहिलं. घर उभं राहिलं, पण भिंती वाळेनात. सायलीने हट्ट करून त्यांना नेदरलँड्सला बोलावून घेतलं, सहा आठवड्यांसाठी. ते फेब्रुवारीत आले, मार्चमध्ये करोनाने जग बंद केलं, विमानं जागच्या जागी उभी राहिली, आणि सहा आठवड्यांचे सहा महिने झाले. कोणी दुसरा असता तर खिडकीत बसून बातम्या बघत हाय खाल्ली असती. मामांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘‘जावईबापू, ह्या गावाची मोजणी कधी झाल्ती?’’

आमचं गाव नायमेखनपासून सायकलने चाळीस मिनिटांवर, वाल नदीच्या बांधाला पाठ लावून बसलेलं. नायमेखनमधल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत मी नोकरी करतो आणि शहरात घर परवडत नाही म्हणून इथे राहतो, एवढंच माझं आणि गावाचं नातं. गावात एक चर्च आहे, एक बेकरी आहे, पाती गळालेली एक पवनचक्की आहे, चौकात पाणी न येणारा एक हातपंप आहे आणि त्या पंपावर सावली धरणारं एक लिंडनचं झाड. सहा वर्षांत मी यातल्या कशाकडेही मान वळवून बघितलं नव्हतं. मला ठाऊक होतं ते एवढंच की बस तासाला एक येते आणि रविवारी तीही येत नाही. गावाचं नाव घशातून खाकरल्यासारखं उच्चारावं लागतं. मामांनी दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा पाणी मागितलं, आणि त्यानंतर सरकारी कागदात लिहितात तसं ‘मौजे मजकूर’ म्हणून विषय संपवला.

सायलीची कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी कापून मोजणीच्या साखळीएवढी, बरोबर तेहतीस फुटांची केली आणि सकाळी सात वाजता कानटोपी घालून, वही बगलेत मारून ते बाहेर पडू लागले. गाव म्हटलं की गावठाण आलं, वेस आली, पाटील आला, ग्रामदैवत आलं, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की ही मंडळी मौजे मजकुरात नसतील अशी शंकाही त्यांना आली नाही. सापडत नाहीत याचा अर्थ आपण नीट शोधलं नाही, एवढाच. पाटील त्यांना पहिल्याच आठवड्यात सापडला. बेकरीवाल्या बाईंना कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाची म्हैस व्यायली (म्हशी नव्हत्या, गायी होत्या), कुणाचं कुणाशी बिनसलं, हे सगळं माहीत असतं, यावरून त्या गावच्या पाटलीण आहेत असं त्यांनी ठरवलं आणि पाव घेताना त्यांना रीतसर रामराम घालायला सुरुवात केली. बाईंनाही ते आवडलं असावं, कारण त्या हात जोडून ‘‘राम-राम, मेनेर’’ म्हणायला लागल्या; मेनेर म्हणजे साहेब. हातपंपाची नोंद मी स्वतः वहीत वाचलेली आहे: ‘‘पूर्वेस बेकरी, पश्चिमेस चर्चची वाट, उत्तरेस रिकामी जागा व एक बाक, दक्षिणेस झाड. पंप नादुरुस्त. गावकरी फारसे भाविक दिसत नाहीत, तथापि पंपासमोर फुलांच्या कुंड्या नित्य ठेवतात. सबब हेच ग्रामदैवत असावे.’’

हसायला ठीक आहे, पण मामांचा डोळा फार तयार होता. आमच्या गावाचा बांध नदीच्या कडेने सरळ जाता जाता मध्येच कोपर मोडतो आणि एका गोल तळ्याला वळसा घालून पुन्हा सरळ होतो. ते तळं मासे धरायला कुणीतरी खणलंय असं मी समजत होतो. मामा काठावर पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘हितं बांध फुटला हुता. आत घुसलेल्या पाण्यानं हा डोह खणलाय. मागनं लोकांनी डोहाला वळसा घालून नवा बांध घातला.’’ संध्याकाळी मी ते पाटलीणबाईंना विचारलं, तर तंतोतंत तसंच झालेलं, त्यांच्या पणजोबांच्याही आधी. चर्चच्या मनोऱ्याचा वरचा भाग विटांच्या रंगावरून मागाहून बांधलाय हेही मामांनीच मला दाखवलं; युद्धात तोफेचा गोळा लागून तो पडला होता. सहा वर्षं मी त्या मनोऱ्याखालून कामाला जात होतो. मला मनातून जरा शरम वाटली.

करोनाच्या त्या वसंतात अख्ख्या देशात दीड मीटर अंतराच्या नियमावर खूश झालेला माणूस म्हणजे आमचे मामा. सरकारला शेवटी मोजमापाचं महत्त्व कळलं, असं ते म्हणत. दीड मीटर म्हणजे चार फूट अकरा इंच, असा हिशेब करून त्यांनी एक काठी तासून घेतली होती आणि ती पुढे धरून ते चालत. सुपरमार्केटमध्ये जमिनीवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. मामांनी त्या मोजल्या, दोन पट्ट्यांमधलं अंतर तीन इंचांनी कमी भरलं, आणि सायलीला दुभाषी म्हणून उभं करून त्यांनी मॅनेजरकडे तक्रार नोंदवली. मॅनेजर भला माणूस. दुसऱ्या दिवशी पट्ट्या सरकल्या होत्या. सायलीने मात्र पुढचे तीन आठवडे भाजी दुसऱ्या गावातून आणली.

आणि मग त्यांनी आमचंच घर मोजलं. घराच्या नकाशाशी ताळा घालून पाहताना त्यांना आढळलं की मागच्या अंगणातलं झुडपांचं कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत चार इंच गेलंय. शेजारी राहत होते पंच्याऐंशी वर्षांचे एक आजोबा, एकटेच. आम्ही एकमेकांना हात करायचो, त्यापलीकडे ओळख नाही. मामा तडक कुंपणापाशी गेले, हात जोडले आणि मराठीत म्हणाले, ‘‘साहेब, अतिक्रमण हाय. जावयाचं. मी सासरा म्हणून सांगायला आलोय.’’ माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये मी लाजत लाजत ते सांगितलं. आजोबा एवढे हसले, एवढे हसले की त्यांना खोकला लागला. आणि ते दिवस असे की खोकला ऐकताच आम्ही तिघेही, आजोबांसकट, तीन दिशांना मागे सरलो. सावरल्यावर ते म्हणाले, ‘‘कुंपण मीच लावलंय, चाळीस वर्षांपूर्वी. चार इंच तुम्हालाच दिले असं समजा.’’ मी भाषांतर केलं. मामा म्हणाले, ‘‘तसं लेखी द्यावं म्हणावं.’’ आजोबांनी दिलं.

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. कुंपणाच्या अलीकडे मामांचा स्टूल, पलीकडे आजोबांची खुर्ची, मध्ये ती काठी आडवी ठेवलेली. एकाला डच आणि थोडं जर्मन, दुसऱ्याला मराठी आणि सरकारी इंग्रजी. पण दोघेही नदीकाठचे. पाणी कसं चढतं, आधी मोरीतून कसं येतं, ओसरल्यावर घराला वास किती दिवस राहतो, हे त्यांनी एकमेकांना हातवारे करून सांगितलं आणि मला मध्ये पडायची फारशी गरज लागली नाही. एप्रिलच्या शेवटी आजोबा म्हणाले की तुम्ही गावातलं सगळं मोजलंत, एक गोष्ट राहिली. आणि ते आम्हाला, अर्थात काठीभर अंतर राखून, बांधाच्या पायथ्याशी एका जुन्या गोठ्यापाशी घेऊन गेले.

गोठ्याच्या भिंतीत, माझ्या डोक्याच्याही वर, पंजाएवढा एक दगड बसवलेला होता आणि त्यावर एक आडवी रेघ कोरलेली होती. नाव नाही, साल नाही, काही नाही. आजोबा सांगू लागले. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात सैनिकांनी बांध फोडला आणि गाव पाण्यात गेलं. ते तेव्हा नऊ वर्षांचे. आईवडील, ते, त्यांची सोळा वर्षांची बहीण आणि दोन शेळ्या, सगळे या गोठ्याच्या माळ्यावर चढले. रोज सकाळी बहीण बाहेरच्या शिडीवरून खाली उतरायची आणि पाणी आलं असेल तिथे भिंतीवर खिळ्याने रेघ मारायची. भिंतीपाशी पाणी उतरल्यावर ती धाकट्या भावाला उचलून धरायची, म्हणजे त्याला सगळ्यात वरच्या रेघेला हात लावता येई. तो तिच्या मागे लागून पुन्हा पुन्हा उचलून घ्यायला सांगायचा. शेतांत अजून पाणी होतं, म्हणून मग त्यांना नावेतून दुसऱ्या गावी हलवलं. तिथे बहिणीला घटसर्प झाला. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, भावाला आत जायची बंदी. तो दाराबाहेर बसून तिच्याशी बोलायचा. आठ दिवस ती आतून उत्तर देत होती.

घरातले फोटो पाण्याने गेले होते. परत आल्यावर वडिलांनी भिंतीला चुना देताना ती सगळ्यात वरची रेघ पुसली जाईल म्हणून तिच्या जागी, त्याच उंचीवर, हा दगड बसवला. ‘‘त्यावर नाव का नाही कोरलं?’’ मी विचारलं. आजोबांना प्रश्नाचं नवल वाटलं. ‘‘कशाला? आम्हाला सगळ्यांना माहीत होतं ना,’’ ते म्हणाले. मग दगडाकडे बघत म्हणाले, ‘‘आता मला एकट्यालाच माहीत आहे.’’

हे सगळं सांगायचं कारण असं की गोठा पाडला जाणार होता. नदीचा बांध रुंद आणि उंच करायचं काम निघालं होतं, आणि गोठा त्या कामाच्या हद्दीत येत होता. गोठा जाण्याला आजोबांची हरकत नव्हती. बांध हवा, हे नदीकाठच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. ती रेघ तेवढी राहावी, असं त्यांनी बांधाच्या कार्यालयाला पत्र लिहून कळवलं होतं. कार्यालयाचं सभ्य उत्तर आलं होतं: या दगडाची कुठेही नोंद आढळत नाही, गावचं जुनं दप्तर युद्धात जळालेलं आहे, तरी आपल्याकडे कागद किंवा जुनं छायाचित्र असल्यास हरकतींची मुदत संपण्यापूर्वी सादर करावं. मुदतीचे तेरा दिवस उरले होते. आजोबांकडे कागद नव्हता.

मामा घरी आले आणि जेवले नाहीत. सायलीने दोनदा विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘माणूस जातं. फोटू भिजून जातो. उंची तेवढी ऱ्हाती. ती बी घालवायची म्हंजे काय?’’ सायली उठून आत गेली. सांगलीच्या पुरात मामींचा एकूण एक फोटो गेला होता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि मामांनी त्याबद्दल आजवर चकार शब्द काढला नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी ताट मागवलं, भात कालवला आणि जाहीर केलं की कागद नसेल तर कागद करायचा. जागेवर पंचनामा करायचा. पाच पंचांसमक्ष, रीतसर.

मी म्हणालो, मामा, पंचनामा इथे कोणाला कळणार? ते म्हणाले, ‘‘खरं कुठंबी कळतं.’’ मी म्हणालो, अहो, तिघं एकत्र उभे दिसले तरी दंड होतोय. पाच माणसं कुठून आणायची? एकेकाच्या घरी जाऊन सह्या घेऊ. यावर मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना लाच देऊ केली होती. ‘‘जावईबापू, पंच एका टायमाला जागेवर हजर लागतात. सगळ्यांनी एकच गोष्ट एकाच वेळी बघायची. घरोघर फिरून सह्या घेतल्या तर तो पंचनामा न्हवं, ती गणपतीची वर्गणी.’’ पुढे या विषयावर चर्चा झाली नाही. चौतीस वर्षांत दोन भाऊबंदांच्या कुऱ्हाडींमध्ये उभं राहून ज्याने दोरी सोडली नाही, त्याला मी काय समजावणार?

दोन दिवस मामा गोठ्यापाशी उभे राहून नुसते आजूबाजूला बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना उत्तर सापडलं, आणि ते त्या गावाच्या सवयीतच होतं. या देशात कोणी खिडकीला पडदा ओढत नाही. रस्त्याने जाणाऱ्याला घरातलं सगळं दिसतं, तसं घरातल्याला रस्त्यावरचंही दिसतं. गोठ्याची ती भिंत चर्चसमोरच्या चौकातून उघडी दिसत होती आणि चौकाला मोठमोठ्या खिडक्या होत्या. ‘‘पंच आपापल्या घरात बसतील की,’’ मामा म्हणाले. ‘‘नियम मोडायचा न्हाई आन पंचनामा बी सोडायचा न्हाई.’’

आधी आजोबांचा जबाब झाला. कुंपणाशी बसून दोन दुपारी तो चालला: आजोबा डचमध्ये सांगत, मी अडखळत मराठी करी, मामा लिहीत. जबाब झाला की तो देणाऱ्याला वाचून दाखवायचा असतो, हा नियम. तेव्हा मामांनी चष्मा चढवला आणि मराठीतली साडेतीन पानं त्या डच म्हाताऱ्याला खणखणीत आवाजात वाचून दाखवली. मी मध्ये काही बोलणार होतो, पण आजोबा डोळे मिटून ऐकत होते. बहिणीचं नाव आलं की ते मान हलवत. शेवटी त्यांनी ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ या ओळीखाली सही केली. सायलीने रात्रभर बसून त्या सगळ्याचं नीटस डच भाषांतर केलं आणि ते सोबत जोडलं.

पंच मिळवायला मी हिंडलो. पाटलीणबाई पहिल्या. चर्चची देखभाल करणारा गृहस्थ दुसरा. चौकातल्या एका घरात शाळेत शिकवणारं जोडपं होतं, दोघेही तयार झाले, पण एका घरातले दोन पंच चालत नाहीत म्हणून मामांनी नवऱ्याला वगळलं; तो दिवसभर रुसला होता म्हणे. चौथा होता बटाटे पिकवणारा एक शेतकरी. त्याचं घर चौकावर नव्हतं, तर त्याने सांगितलं की मी ट्रॅक्टर आणून उभा करतो आणि वर बसतो. पाचवा काही केल्या मिळेना. उरलेल्या घरांतली म्हातारी माणसं खिडकी उघडायलाही घाबरत होती, आणि त्यांना दोष देता येत नव्हता. आजोबा स्वतः यायला तयार होते, पण ‘‘अर्जदार पंच हुईत न्हाई,’’ एवढ्या चार शब्दांत मामांनी त्यांना बाद केलं. मुदतीला चार दिवस राहिले होते.

‘‘पाचवा हुईल,’’ म्हणून मामांनी दिवस ठरवला. मोजणीची त्यांची रीत मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा पाहिली. रेघेची उंची नुसती जमिनीपासून मोजून उपयोग नाही, कारण जमीन हलते, भर पडते, खणली जाते. न हलणारी वस्तू धरायची असते. गावात न हलणारी वस्तू म्हणजे चर्चची दगडी पायरी. पण पायरी होती टेकाडावर आणि गोठा खाली, मधे सव्वाशे फूट. मामांनी मला हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणायला लावली. ती पाण्याने भरली की दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत राहतं. आपल्याकडचे गवंडी अशीच पातळी काढतात. ‘‘पाण्याची रेघ पाण्यानंच मोजायची,’’ मामा म्हणाले. नळीचं एक टोक मी पायरीशी धरलं, दुसरं त्यांनी, आणि टप्प्याटप्प्याने, मधे खुंटी ठोकत आम्ही गोठ्याकडे निघालो. नळीत हवेचा बुडबुडा दिसला की ते ‘‘पुन्हा!’’ म्हणून ओरडत आणि आम्ही पायरीपाशी परत येत असू. चार वेळा परत आलो. पाटलीणबाई वरच्या मजल्यावर पिठाचे हात खिडकीबाहेर काढून बसल्या होत्या. चर्चवाला, शाळेतल्या बाई, ट्रॅक्टर, सगळे जागेवर. माझ्या ऑफिसची मीटिंग केव्हाच बुडाली होती.

अर्ध्यावर असताना सायकलवरून खेमेन्तेचा माणूस आला. खेमेन्ते म्हणजे आमची नगरपालिका. नियम मोडणाऱ्यांना दंड करायला तिचे तरुण त्या दिवसांत गावोगाव फिरत. चौकात पसरलेली नळी, खिडक्यांतले चेहरे आणि कानटोपीतले मामा बघून तो बांधावरच उतरला आणि त्याने मला विचारलं, ‘‘तुम्ही किती जण आहात?’’ मी मामांना विचारलं काय सांगू. मामांनी नळी न हलवता उत्तर दिलं, ‘‘चार झालेत म्हणावं. पाचवा त्यो.’’

मी त्याला सगळं सांगितलं. डच अपुरं पडलं तेव्हा पाटलीणबाईंनी वरून ओरडून पुरं केलं. तो पोरगेला इसम ऐकत राहिला, गोठ्याच्या भिंतीकडे बघत राहिला, मग सायकल स्टँडवर लावून म्हणाला की बांधावरून मला दगड स्पष्ट दिसतो. दुपारी सव्वाबाराला शेवटचं माप झालं. रेघ चर्चच्या पायरीच्या वर दोन फूट साडेतीन इंच. मामांनी ते तीनदा मोठ्याने उच्चारलं, मी तीनदा डचमध्ये. मग काठीला अडकवलेला कागद एकेका खिडकीशी गेला, ट्रॅक्टरवर गेला, बांधावर गेला, आणि पाच सह्या झाल्या. अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांना मी निकाल सांगायला गेलो, तर ते रडत होते. मी काठीचं अंतर विसरून दोन पावलं पुढे गेलो, आणि मग आठवण होऊन दोन मागे आलो. त्या वर्षात मला सगळ्यात जड गेलेली ती दोन पावलं.

कागद मुदतीत पोचला. जुलैत कार्यालयाकडून एक इंजिनियर बाई आपलं यंत्र घेऊन आल्या. मामांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला की हे यंत्र शेवटचं कधी तपासलंत. त्या हसल्या, पण त्यांनी तारीख सांगितली. त्यांचं माप आणि मामांचं माप यात फरक निघाला करंगळीच्या नखाएवढा. ‘‘यंत्राची चूक असती कधीकधी,’’ मामा मोठ्या मनाने म्हणाले. महिन्याभराने पत्र आलं. गोठा पाडला जाईल. तिथे नवी भिंत येईल. दगड तिच्यात, चर्चच्या पायरीपासून नोंदवलेल्या त्याच उंचीवर बसवला जाईल. ऑगस्टअखेर मामा एका खास विमानाने भारतात गेले. निघताना त्यांनी आणि आजोबांनी कुंपणावरून एकमेकांकडे बघितलं, मामांनी नमस्कार केला, आजोबांनी टोपी काढली.

काम पुरं व्हायला पुढची दोन वर्षं लागली. तोवर करोनाचे नियम उठले होते, आणि आजोबा शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात राहायला गेले होते, चाकाच्या खुर्चीवर. दगड बसवला त्या सकाळी पाचही पंच आले. मधे काच नाही, काठी नाही, असे ते पहिल्यांदाच एका जागी उभे होते आणि त्यांना त्याचा जरा संकोच वाटत होता. मी सांगलीला फोन लावून मामांना पडद्यावर घेतलं. ते आता थकलेत, घराबाहेर फार पडत नाहीत. पण उंची तपासल्याशिवाय पुढे काही करायचं नाही असा त्यांचा हुकूम होता. म्हणून मी आणि सायलीने पायरीपासून नळी लावली. पडद्यावरून ‘‘बुडबुडा बघा, बुडबुडा,’’ चाललं होतं. दोन फूट साडेतीन इंच. मामांनी मान डोलावली.

मग आजोबांची खुर्ची भिंतीपाशी नेली. आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात न आलेली गोष्ट तेव्हा दिसली. रेघ तिच्या जागी होती, पण बांधाच्या कामात तिच्याखालची जमीन चांगली तीन-साडेतीन फूट उंच झाली होती. माझ्या डोक्यावर असलेली ती रेघ आता खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्याला आली होती. आजोबांनी आधी सवयीने मान वर केली, वर काही नव्हतं. मग त्यांना ती समोर दिसली. बहिणीने उचलून धरल्याशिवाय जिथे त्यांचा हात पोचत नसे, तिथे तो बसल्या जागी पोचला. त्यांनी रेघेवर चारही बोटं टेकवली आणि ती तिथेच ठेवली.

मी फोन तसाच धरून उभा होतो. पलीकडून मामांचा आवाज आला, त्यांच्या मानाने फार हळू. ‘‘जावईबापू, फोन खाली करा. आन पंचांना म्हणावं, जरा मागं व्हा. भैनीजवळ बसू द्या त्यास्नी.’’

आम्ही सगळे चौकापर्यंत मागे आलो आणि तिकडे पाठ करून उभे राहिलो. आजोबांना परत न्यायला गेलो तोवर दुपार झाली होती.